मानाचं डोकं

मी पटकन चिडतो, हे सगळ्या माजिवड्याला ठाऊक आहे. पण त्या दिवशी भाऊंवर चिडलो त्याची मला अजून लाज वाटते.

दिवाळीपर्यंत मिठागरात हाताला काम नसतं. मग मी डोंगराखालच्या जुन्या दगडखाणीवर गळ टाकायला जायचो. खाण बंद पडून तिचा तलाव झालेला. पाणी खोल आणि इतकं नितळ, की तळच्या कपारीतली मरळसुद्धा वरून दिसायची. आता दिसली म्हणजे गळाला लागली असं नाही. तिलाही आपण दिसतो ना. काठावर बूड टेकून तासन्‌तास दगडासारखं बसावं लागतं.

तिथेच हे भाऊ यायचे. ठाण्याच्या कचेरीत कारकून, ब्राह्मण माणूस, धोतर आणि काळी टोपी. गळाला गांडूळ लावताना तोंड फिरवायचे. तरी मरळ त्यांनाच लागायची, कारण माणूस हलायचाच नाही. लागली की तिला हातात धरून बघत राहायचे आणि परत पाण्यात सोडून द्यायचे. दोन दिवस मी गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी हातभर लांब मरळ सोडली आणि माझं टाळकं फिरलं.

"खायचं नाय तर त्या मुक्या जीवाच्या तोंडात गळ कशाला घालता?" मी म्हटलं. "तुमचा खेळ होतो नि तिचा जीव जातो."

उलट बोलले असते तर बरं झालं असतं. भाऊ बसल्या जागी रडायला लागले.

त्यांची हेमा नऊ वर्षांची. टायफॉइडमधून उठली, पण अंग धरेना. डॉक्टर म्हणाले, मासे खायला घाला, नाहीतर पोर हातची जाईल. बायको मागेच वारलेली, घरात आई कडक सोवळ्यातली. मासळीबाजारात ओळखीचं कुणी बघेल या भीतीनं ते इथे यायचे.

"मासा हातात आला की पुढे काय करायचं तेच कळत नाही," भाऊ म्हणाले. "कुठल्या भांड्यात शिजवू, राघो?"

माझी मान खाली गेली. "शिजवायचं आमच्यावर सोडा," मी म्हटलं. "उद्या पोरीला घरी घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनीच मरळ धरली आणि माझ्या टोपलीत घातली. माझ्या बायकोनं, सगुणानं, कालवणासाठी मुद्दाम नवं मडकं आणलेलं. आजारी पोर म्हणून मिरची नाही, मीठही हात आखडूनच. दुपारी भाऊ हेमाला टांग्यातून घेऊन आले. अंगावर मांस म्हणून नाही, डोळे तेवढे मोठे.

आमच्यात मानाच्या पाहुण्याला माशाचं डोकं वाढतात. सगुणानं ते मोठ्या कौतुकानं हेमाच्या ताटात ठेवलं. आता मरळीचं डोकं म्हणजे हुबेहूब सापाचं, त्यात डोळा उघडा. पोरीनं ताट ढकललं आणि ती भिंतीला जाऊन चिकटली.

"साप आहे तो," ती रडत म्हणाली. "भाऊ, मला घरी न्या."

किती समजावलं, पण तिनं ओठ घट्ट मिटलेले. सगुणाला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान द्यायला गेलो आणि पोरीच्या घासावरच पाणी फिरवलं. मी डोकं उचलायला हात पुढे केला, तेवढ्यात हेमा बापाला म्हणाली, "तुम्ही तरी खाल का?"

भाऊंपुढे आम्ही केळी ठेवली होती. ती त्यांनी बाजूला सारली. टोपी काढून मांडीवर ठेवली, हेमाचं ताट ओढलं, त्या डोक्याचं मांस बोटांनी सोडवलं आणि तोंडात घातलं. डोळे मिटले. घास आत जाईना. कपाळावर घाम आला, पण त्यांनी तो गिळला. मग दुसरा घेतला.

हेमा बघत होती. "कसं लागतं?"

भाऊंनी डोळे पुसले. "मीठ कमी आहे," ते म्हणाले.

घर मिठागरवाल्याचं आणि म्हणे मीठ कमी. सगुणा हसत उठली की रडत, देव जाणे, पण मूठभर मीठ घेऊन आली. हेमानं त्यातलं चिमूटभर आपल्या हातानं कालवणात टाकलं आणि भाऊंनी काटे काढून दिलेला तुकडा खाल्ला. मग आणखी एक मागितला.

त्यानंतर दोन महिने ती दर रविवारी आमच्याकडे जेवायला येत होती. पोर बाळसं धरायला लागली, पण भाऊंनी खाल्ल्याशिवाय ताटाला हात लावायची नाही. प्रत्येक वेळी पहिला घास भाऊंनी घेतला, तोंड वाकडं न करता.