रूळ सोडून

धाकट्या भावाचं नाव घरात बारक्या पडलं ते पडलंच. आता त्याने साठी ओलांडली होती आणि अंगाने तो असा भरला होता की जिन्यात समोरून कुणी आलं तर एकाला मागे सरावं लागे. पण ताईच्या तोंडी तो बारक्याच. उभा जन्म त्याने शहरात ट्राम चालवली. निवृत्त झाला, पाठोपाठ बायको देवाघरी गेली, आणि तेव्हापासून त्याने ताईच्या मागे एकच धोशा लावला. तू तिकडे एकटी, मी इकडे एकटा, दोन घरांत दोन चुली कशाला? इकडेच ये, कायमची.

ताई एका लहानशा गावात शिवणकाम करायची. शिलाईचं मशीन उचलून आणणं सोपं, मन उचलून आणणं अवघड. शेवटी ती म्हणाली, "एक दिवस येते. तुझं शहर मला पायी फिरव. जीव रमेल असं वाटलं तर राहीन, नाही तर संध्याकाळच्या गाडीने परत. मग पुन्हा हा विषय काढायचा नाही."

झालं! एका दिवसात सगळं शहर ताईच्या पदरात घालायचं होतं.

त्या सकाळी थंडी अशी होती की बोललेला शब्द वाफ होऊन डोळ्यांना दिसावा. डबक्यांवर काचेसारखा पापुद्रा धरला होता. ताईने बारक्याच्या घरी पिशवी टेकवली, चहा घेतला, देवाचं नाव घेतलं, मफलर दोनदा गुंडाळला आणि ती निघाली. बारक्या पुढे, ताई मागे.

"हे वळण बघ," बारक्या अभिमानाने म्हणाला. "इथे ब्रेक लवकर दाबला तर चाकं किंचाळतात आणि उशिरा दाबला तर माणसं."

"बरं."

"आणि हा सिग्नल. याच्याइतका हट्टी सिग्नल अख्ख्या शहरात नाही."

"बारक्या, मी काय सिग्नलखाली संसार मांडणार आहे?"

बारक्या हसला, चार पावलं चालला आणि एकदम उभा राहिला. ताई त्याच्या पाठीवर आदळता आदळता वाचली.

"आता काय झालं?"

"स्टॉप आला."

"मग? चढतंय का कुणी?"

बारक्या ओशाळला. पण सवयच ती! पुढच्या स्टॉपलाही पाय आपोआप थांबले, त्याच्या पुढच्यालाही. तेव्हा ताईच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण एकदाही रूळ सोडलेले नाहीत. ते वळले की बारक्या वळतो, ते सरळ गेले की हाही सरळ.

"या रुळांच्या बाजूला काय आहे रे?"

"बाजूला?" बारक्याने मान वळवून पाहिलं. "घरं असतील."

"असतील?"

"म्हणजे आहेतच. दिसतायत ना!"

ताईने मग त्याला विचारलंच नाही. शेजारी जी गल्ली दिसली तिच्यात ती शिरली. बारक्या "अगं, अगं" करत मागे. आता ताई पुढे आणि बारक्या मागे.

गल्लीत थंडी होती, पण वारा नव्हता. एका खिडकीत कुणी खुर्चीला वेत विणत बसलं होतं. एका दारात एक बाई पायरीवरचा बर्फ खरवडत होती आणि घरातल्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने त्याचा उद्धार करत होती. ताई थांबून थांबून सगळं बघत होती. तिची पावलं आता कशी हलकी पडू लागली होती.

बारक्याचा मात्र जीव टांगणीला. तरी तो ठासून म्हणाला, "हा रस्ता नदीकडे जातो."

रस्ता गेला तो एका लाकडाच्या वखारीच्या भिंतीवर.

"पूर्वी जात असावा," बारक्या म्हणाला.

"कुणाला तरी विचारू या का?"

"मी? या शहरात माझा जन्म गेला, आणि मी वाट विचारू?"

"तुझा जन्म रुळांवर गेला, बाबा. ते काय कुणाला वाट चुकू देतात!"

बारक्या फुरंगटला. पण कान गारठून लाल झाले होते आणि समोरच इस्त्रीवाल्याचं दुकान होतं, आतून ऊब बाहेर येत होती. रुसवा बाहेर ठेवून तो आधी आत गेला. ताईने रस्ता विचारला. इस्त्रीवाल्याने हातातली चादर घडी घालत आधी ताईकडे पाहिलं, मग बारक्याकडे.

"तुम्ही इथल्याच वाटता," तो ताईला म्हणाला. "हे पाहुणे का?"

ताईने मफलर तोंडावर ओढला, पण खांदे हलायचे थांबेनात. बारक्याने आधी डोळे वटारले, मग तोही खदखदून हसला. इस्त्रीवाल्याला काही कळलं नाही, तरी तोही हसला. हसू ही देवाने मोठी सोय करून ठेवली आहे, चादरीसारखं एकाचं दुसऱ्यालाही पुरतं.

तिथून पुढे बारक्याने वाट दाखवणं सोडलं. दोघं पूल ओलांडून गेली, दुसऱ्या पुलावरून परत आली. जुन्या घड्याळांच्या दुकानापुढे उभं राहून त्यातलं कुठलं बरोबर यावर भांडली. एका टपरीवर चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून इतका वेळ उभी राहिली की टपरीवाल्याने "अजून देऊ, की कप सोडवत नाही?" असं विचारलं. बारक्या नवलाने इकडेतिकडे बघत होता. मधेच त्याला संध्याकाळची गाडी आठवे आणि तो हळूच घड्याळ बघे.

दिवेलागणीला दोघं एका अरुंद गल्लीत आली. तिथे बटणांचं दुकान होतं. बरण्याच बरण्या, लाकडी, शिंपल्याची, पितळेची बटणं. शिवणारी बाई अशा दारावरून पुढे जाईल होय? बटणवाली बाई बोटं उघडी असलेले हातमोजे घालून बसली होती. बघता बघता दोघी काजाच्या टाक्यावर येऊन पोचल्या. एक म्हणे दोरा दुहेरी हवा, दुसरी म्हणे छे, एकेरीच. बारक्या काचेपाशी उभा राहून बाहेर बघू लागला.

"ताई," तो एकदम म्हणाला, "तो बघ."

गल्लीच्या पलीकडे, एका इमारतीच्या मागच्या खिडकीबाहेर, दोरीवर एक सदरा गारठून फळीसारखा ताठ झाला होता. दोन्ही हात पसरून कुणी अडवायला उभं असावं तसा.

"बाई गं!" ताई म्हणाली. "ती कॉलर मी शिवलेली आहे."

"आणि सदरा माझा आहे," बारक्या म्हणाला. "ते घरही माझंच आहे."

शहरभर तंगडतोड करून दोघं त्याच्याच घराच्या पाठीमागे येऊन उभी होती. रोज पुढच्या दाराने बाहेर पडून ट्राम गाठायची, रात्री तिथूनच आत. या गल्लीत त्याने कधी पाऊलच टाकलं नव्हतं, सदरा वाळत घालायलाही तो खिडकीतून नुसता हात बाहेर काढी.

"तुमची बायको यायची की," बटणवाली म्हणाली. "मागच्या दाराने. गप्पा मारत बसायची."

बारक्याने खिडकीशेजारच्या बंद दाराकडे पाहिलं. तिच्यामागे ते दार कुणी उघडलं नव्हतं.

ताईने काचेवर लावलेल्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. वर खोली रिकामी आहे, असं तिच्यावर लिहिलं होतं.

"बारक्या, मी तुझ्या घरात राहणार नाही."

"का? माझ्या घरात काय काटे आहेत?"

"तुझ्या घरात ती आहे. तिचा कंगवा आरशापाशी आहे, तिची खुर्ची कुणी सरकवलेली नाही. राहू दे तसंच. मी तिच्या जागेवर बसायची नाही. पण इथे वर राहीन."

बारक्याने तिच्याकडे पाहिलं. हसावं की रडावं हे त्याचं ठरेना.

"पण एक आहे," ताई म्हणाली. "तुझ्याकडे चहाला यायचं तर मी अख्ख्या इमारतीला वळसा घालून येणार नाही, या थंडीत तर नाहीच. ते मागचं दार उघडलं तरच. नाही तर मला गाडीवर सोड."

बारक्या पळत सुटला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तो पळत होता. दोघी बायका दुकानाच्या दारात उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने पलीकडून ठोकाठोकी ऐकू येऊ लागली. मग शांतता. मग पुन्हा ठोकाठोकी, आणि सोबत कडीला उद्देशून काही शब्द. ते ताईने ऐकले नाहीत असं दाखवलं.

"गंजली असेल," बटणवाली म्हणाली. "तेल आहे माझ्याकडे."

"नको. करू दे त्याला."

दार थरथरलं. वरून रंगाचे पापुद्रे गळाले. मग एकदम मोठा आवाज झाला आणि बारक्या हातोडीसकट गल्लीत येऊन पडता पडता सावरला. अंगात कोट नाही, डोक्यावर टोपी नाही, कपाळाला धूळ. त्याच्या पाठीमागे स्वयंपाकघरातला पिवळा उजेड गल्लीत पसरला होता.

"अरे, आधी टोपी घाल!" ताई ओरडली, आणि बटणवालीकडे वळून म्हणाली, "चला, खोली दाखवा. मशीन खिडकीशी मावेल ना?"