मालनबाईंची चूल

“भाऊ, टेबलावरची चादर अजून खाली सोडा. सिलिंडर दिसता कामा नये,” कंपनीच्या अनुपमा मॅडम म्हणाल्या.

मी सोडली. आरेतल्या शेणाच्या गॅसप्लान्टवर मी साधा ऑपरेटर, नाही म्हणायची माझी काय टाप! प्लान्ट झकास चालू होता. पण गॅस टाक्यांत भरून बाहेर जायचा, गाड्यांसाठी. शेजारच्या आदिवासी पाड्यापर्यंत पाइप आलाच नव्हता, आणि उद्घाटनाला पाड्यातल्या बाईच्या हातून शेगडी पेटवून दाखवायची होती.

इथला रिवाज जुना. तबेल्यातलं शेण मालकाचं, रस्त्यावर पडलेलं मात्र उचलेल त्या बाईचं. त्याच्या गोवऱ्यांवर पाड्यातल्या चुली चालायच्या. कंपनीला तेही हवं होतं. बायका मला ओळखतात म्हणून मलाच पुढे केलं. “रस्त्यावरचं शेण आम्हाला उचलू द्या, गॅस आधी तुमच्या घरात,” असं मी मोठ्या तोंडानं सांगून बसलो. मला ते खरंच वाटत होतं, यार! वर्ष झालं. बायका सरपणासाठी रानात जायला लागल्या. दिवाळीच्या सुमारास बिबट्यानं त्यातल्या एकीला ओढून नेलं. तेव्हापासून पाड्यातल्या मालनबाईंची सून जानकी लाकडांना गेली की ती परत येईपर्यंत मालनबाई दारातून हलत नसत.

शेगडी पेटवायला त्यांनाच बोलावलं होतं. ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. निळी ज्योत उठली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. शेगडी त्यांना भेट दिली.

“भाऊ, आला की हो गॅस!” त्यांचे डोळे भरून आले होते. “आता माजी जानकी रानात जायाची नाय.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी टेबलावरची चादर सारखी करत राहिलो. अजून लाज वाटते मला त्याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी न राहवून पाड्यावर गेलो. घरात जागा ती केवढीशी! मालनबाईंनी चूल फोडून टाकली होती. तिथली जमीन लिंपून शेगडी मांडली होती, तिला हळदकुंकू लावलं होतं. शेजारी तांदूळ धुऊन ठेवले होते.

“नळी कुटं जोडायची, भाऊ? पोरं कवाची भुकेजलीत.”

“मालनबाई, पाइप आलेला नाही. काल टेबलाखाली सिलिंडर होतं. मीच लावलं.”

त्यांनी धुतलेल्या तांदळावर ताट झाकलं. वाटलं, आता शिव्या घालतील. घालायलाच हव्या होत्या. तेवढ्यात जानकीनं कोयता उचलला.

“दे इकडं,” मालनबाई म्हणाल्या. “तू पोरांजवळ बस.” कोयता घेऊन त्या स्वतःच रानाकडे निघाल्या.

मी मागे धावलो. “थांबा, मी येतो बरोबर.”

“नको, भाऊ,” त्या चालता चालताच म्हणाल्या, “तुमची ड्युटी असंल.”