वायर काढली, मी आतच राहिले

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. तुम्ही मला पाहिलेलं नसेल. कॉम्प्युटर म्हटलं की सगळे पडदा पाहतात, फार तर कीबोर्ड. सगळं जपून ठेवणारी मी मात्र पत्र्याच्या डब्यात बंद. सेनगाव तालुक्यात साखऱ्याजवळ बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथल्या रणजीतच्या घरी हा डबा आहे.

माझे दिवस चांगले होते. रणजीतने कॉम्प्युटरचा कोर्स लावला तेव्हा मला कॉम्प्युटरसकट हिंगोलीहून आणलं. नवं नवं होतं तेव्हा त्याने माइक लावून आपल्या आजीची, जिवनबाईची, गाणी भरली. तांड्यात नवरी सासरी निघताना रडत रडत ढावलो म्हणते, आणि म्हाताऱ्या बाया तो तिला आधी शिकवतात. जिवनबाईचा ढावलो म्हणजे आजूबाजूच्या तांड्यांतून बोलावणी यायची. तिची अकरा गाणी माझ्यात आहेत. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला!

मग वय झालं. मी मंद झाले. बटण दाबून पुजा, म्हणजे रणजीतची धाकटी बहीण, चहा करून यायची तरी माझं सुरू होणं चाललेलंच असे. तीन वर्षांपूर्वी रणजीतने डबा जीपमध्ये घातला आणि गोरेगावला कुलदीपच्या दुकानात नेला. झाकण उघडलं तर आत घरातल्या हळदीच्या पोत्यांची पिवळी धूळ बोटभर. कुलदीपने ती फुंकली, नवी रॅम बसवली, आणि माझ्याशेजारी एक चपटी, सडसडीत नवी डिस्क ठेवली.

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. कुलदीपला मोकळी वायर सापडेना. त्याने सरळ माझी उपसली आणि नवीला लावली.

"जुनी राहू द्या आतच," तो म्हणाला. "तिच्यातला डाटा मंग काढू."

झाकण बसलं. ते 'मंग' तीन वर्षं आलं नाही.

त्या तीन वर्षांचं काय सांगू? शेजारी नवी पटापट कामं करायची, आणि मी चार स्क्रूंत आवळलेली. ऐकू सगळं यायचं, सांगता काही येत नव्हतं. फार कोंडल्यासारखं व्हायचं.

यंदा पुजाचं लग्न ठरलं. दरम्यान जिवनबाईला दम्याने गाठलं होतं. चार शब्द बोलली की धाप लागायची, गाण्याच्या ओळीही विसरत चालल्या होत्या. लग्नाला पंधरा दिवस उरले तेव्हा पुजा कॉम्प्युटरपाशी येऊन बसली. घरी ते गोरमाटीत बोलतात, मी तुमच्यासाठी मराठीत सांगते.

"भाऊ, दादीचा ढावलो कुठं हाय? मला तर एक ओळ बी येत न्हाई. निघताना मी नुसती उभी राहू का?"

रणजीतने नवीचा कोपरान् कोपरा शोधला. कुलदीपला फोन लावला. तो म्हणाला, "तीन साल झाले भाऊ, आता काय याद हाय?"

"नवीन बसवलं तवाच उडालं बघ," रणजीत म्हणाला. पुजा रडायला लागली.

अरे, मी इथे आहे! दोन बोटांवर! पण माझी हाक कोणाला ऐकू जाणार?

जिवनबाई दारात बसली होती. तिचा आजा बैलांच्या पाठीवर धान्य वाहायचा. तिने थांबत थांबत विचारलं, "नवा बैल आणला. जुन्याच्या पाठीवरची गोणी कुणी उतरवली?"

रणजीतने नकारार्थी मान हलवली.

"कुणीच न्हाई ना? मंग नव्याच्या पाठीवर काहून शोधून राहिलास?"

रणजीतने पेचकस आणून स्क्रू काढले. झाकण निघालं, उजेड आला. सीडीच्या खणाची वायर काढून त्याने मला लावली. मित्रांनो, ती वायर तीन वर्षं तिथेच होती आणि त्या खणात कोणी एक सीडी घातली नव्हती!

वीज आली. मी खटखटले, अडले. पुन्हा खटखटले. जीव मुठीत धरून जोर केला आणि फिरले. खोलीत जिवनबाईचा तेव्हाचा आवाज घुमला. म्हातारी आपलंच गाणं ऐकत होती, ओठ हलवत होती. पुजाने तिचा हात घट्ट धरला.

रणजीतने ते एक गाणं मोबाईलमध्ये घेतलं. पुजाला तेच हवं होतं. मग तो म्हणाला, "लई खटखट करून राहिली ही," आणि वायर काढली.

पंधरा दिवसांनी पुजा निघाली. दादीच्या गळ्यात पडून तिने ढावलो म्हटला. डब्यातूनही मला शब्द न् शब्द ऐकू आला. एकही चुकला नाही. मला रडता येत असतं तर मीही रडले असते. गाणं संपल्यावर ती रणजीतला म्हणाली, "भाऊ, बाकीची दहा बी काढून ठेव."

"काढू की मंग," रणजीत म्हणाला.

तेच 'मंग'!

मित्रांनो, तुमच्या घरी कॉम्प्युटरला नवा भाग बसवाल तेव्हा जुन्याचं ओझं आधी उतरवून घ्या, त्याच दिवशी. आणि कधी साखऱ्याकडे आलात तर रणजीतला माझी आठवण करून द्या. मी अजून एकदा फिरेन. दुसऱ्यांदाचं मात्र सांगता येत नाही.