पदरात बांधलेला तुकडा

पलूसच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ खायची, पवित्र भाकर वाटण्याचा मान गेली सोळा वर्षे शांतवन गुरुजींकडे होता. सांगलीच्या एका शाळेत त्यांनी उभी हयात संस्कृत शिकवण्यात घालवली होती. वाणी शुद्ध, प्रार्थना अस्खलित, आणि पावित्र्याविषयीची दक्षता तर अशी की ताटातला एखादा कण फरशीवर पडला तरी ते वाकून तो वेचून घेत.

त्या रविवारी विधी मंडळीचे धर्मगुरू जयराज पाळक यांनी करायचा आणि प्रवचन गुरुजींनी, असे ठरले होते. विषय गुरुजींनी स्वतःच निवडला होता : सौम्यता. अंगी अधिकार असूनही दुसऱ्याच्या चुकीपुढे जो हात आणि जीभ आवरतो, तोच प्रभूच्या पावलावर पाऊल टाकतो, असे त्यांनी अत्यंत प्रासादिक भाषेत सांगितले. श्रोत्यांच्या माना डोलल्या. गुरुजी प्रसन्न मनाने ताट घेऊन बाकांमधून निघाले.

शेवटच्या बाकावर हरणाबाई बसली होती. ही आटपाडीकडची धनगरीण. नवरा बिराप्पा आणि ती एका द्राक्षबागेत राखणीला होती. वर्षापूर्वी लकव्याने बिराप्पाला अंथरुणाला खिळवले. तेव्हापासून ही बाई कुणाच्या तरी सांगण्यावरून उपासनेला येऊ लागली होती. बाप्तिस्मा झालेल्यांनीच भाकर घ्यायची, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. ताट पुढे येताच तिने एक तुकडा उचलला, कपाळाला लावला आणि पदराच्या टोकात घट्ट बांधला.

गुरुजी थबकले. “पदरात काय बांधलंत, बाई?”

“परसाद हाय. आमच्या मालकास्नी न्हेते.”

“हा प्रसाद नव्हे. बाप्तिस्म्यावाचून याला हात लावायचा नसतो, आणि घरी तर मुळीच न्यायचा नसतो. सोडा ती गाठ.”

सारी मंडळी मागे वळून पाहू लागली. हरणाबाई गाठीशी झटू लागली. गाठ सुटेना, म्हणून तिने ती दातांनी सोडवली. तुकड्याबरोबर सुपारीचे खांड आणि औषधाच्या दोन गोळ्या बाहेर आल्या. पुढच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसले. तिने तुकडा ताटात ठेवला आणि गुरुजी पुढे सरकले. उरलेली भाकर विधीनंतर सेवकांनी खाऊन संपवायची, अशी तिथली रीत. तो तुकडा गुरुजींच्याच वाट्याला आला. त्यांनी तो खाल्लाही.

दुपारी पानावर बसताना त्यांच्या पत्नी मार्थाबाई शांतपणे म्हणाल्या, “प्रवचन चांगलं झालं. शेवटच्या बाकापर्यंत मात्र पोचलं नाही.”

गुरुजींनी उचललेला घास परत पानात ठेवला. दातांनी गाठ सोडवणारी ती खाली वाकलेली मान त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. नियमाच्या दृष्टीने त्यांचे चुकले नव्हते. हा विचार त्यांनी दहादा करून पाहिला आणि दहाही वेळा त्यांना स्वतःचीच शरम वाटली. हरणाबाई आली की बोलू, असे म्हणता म्हणता दोन रविवार गेले. शेवटचा बाक रिकामाच राहिला. तिसऱ्या आठवड्यात, क्षमेची चार वाक्ये मनाशी नीट जुळवून, ते द्राक्षबागेच्या वाटेला लागले.

हरणाबाईने त्यांना पाहताच डोक्यावरचा पदर सारखा केला, बसायला घोंगडे अंथरले आणि चुलीवर चहा ठेवला. चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता. गुरुजी तोंड उघडणार, तोच अंथरुणावरून बिराप्पा जडावलेल्या जिभेने बोलू लागला.

“मास्तर, आमच्या हिच्या हातनं लय चूक झाली बगा. तुमी माज्यासाठनं परसाद दिल्याला, आन् हिनं वाटंत पाडला. त्या लाजंनंच येत न्हाई ती.”

गुरुजींनी चमकून चुलीकडे पाहिले. हरणाबाई पाठमोरी बसून जाळ फुंकत होती. नवऱ्यापाशी गुरुजींचे नाव खाली पडू नये म्हणून या बाईने सगळा दोष आपल्या अंगावर घेतला होता. आता गप्प राहिले असते, तर त्यांची अब्रू या झोपडीत अखंड राहिली असती. जुळवून आणलेल्या वाक्यांपैकी एकही त्यांना आठवेना.

“बिराप्पा, तिनं पाडला नाही,” ते म्हणाले. “मी चारचौघांत तिला पदराची गाठ सोडायला लावली. तुकडा परत घेतला.”

हरणाबाई न वळता पुटपुटली, “असू द्या की आवं. त्येंला कशापायी सांगताय?”

मग बिराप्पाने विचारले, “मग त्यो तुकडा गेला कुठं?”

“मी खाल्ला.”

बिराप्पाच्या वाकड्या झालेल्या ओठांवर हसू उमटले. “तुमी खाल्लासा न्हवं? मग वाया न्हाई गेला.”

या बोलण्यात टोमणा असता, तर गुरुजींना तो सोसवला असता. ते घोंगड्यावरून उठले आणि हरणाबाईपुढे हात जोडून उभे राहिले. “बाई, मला क्षमा करा,” एवढेच शब्द निघाले.

हरणाबाई संकोचली. पदराला हात पुसत तिने चहाची कपबशी त्यांच्यापुढे धरली. “माजं ऱ्हाऊ द्या, मास्तर. माज्यावानी आनि कोन आडानी आलं, तर त्येला तेवढं तसं करू नगासा.”

गुरुजींनी मान हलवली. कपबशी दोन्ही हातांनी घेतली, आणि ती रिकामी होईपर्यंत त्यांना वर बघवले नाही.