भिंतीवरच्या किल्ल्या

चावीवाल्याला जाऊन वर्षं लोटली, तरी दुकान त्याच्याच पुण्याईवर चालायचं. फोनवर दुकानाचं पान होतं, त्यावर त्याचा फोटो, आणि गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायची सून, ती सासऱ्याच्या तोंडून. 'या, मी स्वतः बघतो.'

"मेल्यावरही राबवतेस गं त्याला," त्याची बायको, चावीवाली, म्हणायची. पण आतून सुखावायची. लोकांचा भरवसाच तसा. गल्लीतल्या घराघराची जादा किल्ली त्याने मागच्या खोलीत भिंतीला टांगलेली. कुणी घराबाहेर अडकलं की हक्काने यायचं.

मग लांबच्या कुठल्या शहरात चार माथेफिरूंनी भर बाजारात स्फोट केला. चावीवाली बातम्यांसमोर बसून त्यांच्या सात पिढ्या उद्धरत होती. "अल्लाचं नाव घेतात आणि आमच्या तोंडाला काळं फासतात मुडदे."

तेवढ्यात सुनेने फोन पुढे केला. पानावरचा फोटो कुणीतरी उचलला होता. तीच दाढी, तीच टोपी, हातात कानस. खाली लिहिलेलं : पाचवा साथीदार, फरार.

"कबरीतून फरार? जिवंतपणी बाजाराला जायचा कंटाळा होता त्याला."

सून हसली नाही. "अम्मी, लोक नाही नाही ते लिहीत होते. मी घाबरून उत्तर दिलं. सवयीने, अब्बांच्या तोंडून."

"काय दिलंस?"

"मी काही केलं नाही. मी घरीच आहे."

दुसऱ्या दिवसापासून तो दिसायला लागला. कुणाला बसथांब्यावर, कुणाला पाण्याच्या टाकीपाशी. एकाने लिहिलं, माझ्याकडे बघून मान हलवली. सून वाचायची, चावीवाली ऐकायची. ऐकता ऐकता नजर मागच्या खोलीकडे वळायची. सगळ्या जगाला दिसतो, मग मलाच कसा नाही? मनात असं आलं म्हणून तिने स्वतःच्याच गालाला चिमटा काढला.

शेवटी तिने त्याच पानावर आपल्या आवाजात सांगून पाठवलं : माझा नवरा मेलाय, हाताला काम नसेल तर कबर बघून या. उलट उत्तर आलं, 'मेलेला परवा बोलला कसा?'

मग गल्ली यायला लागली. किल्ली हा शब्द कुणी उच्चारेना. "ते आमचं तेवढं द्या," म्हणायचे, पायरीखालीच थांबायचे. भिंत उघडी पडत गेली.

सगळ्यांत शेवटी समोरची नर्स आली. तिला बघून चावीवालीच्या जिवात जीव आला. "ये गं बाई. तू तरी सांग त्यांना. तो गेला त्या दिवशी माझ्या शेजारी बसून रडली होतीस."

"रडले होते, भाभी." नर्स तिच्या खांद्यावरून आत बघत होती. "पण तोंडावर चादर होती ना."

चावीवाली दारातून बाजूला झाली. "तुझी किल्ली आत आहे. तुझ्या हाताने काढून घे. चादरीखाली कोण होतं, तेही बघून घे."

नर्सने पायरीवर पाय ठेवला. आतल्या खोलीत काही हललं नाही. तिने पाय मागे घेतला.

"राहू दे," ती हळूच म्हणाली.

दुपारी समोर नर्सच्या दाराला ड्रिल लागलं. चावीवाली उंबऱ्यात बसून होती. नवं कुलूप बसेपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.