दीनानाथमामांचा वन्समोर

माझ्या लग्नात अख्खी घनसावंगी इंग्रजी बोलली, असं मी सांगते तेव्हा लोक हसतात. हसू देत. निजामाच्या अमलातली गोष्ट आहे, आणि मी तिथं मुंडावळ्या बांधून उभी होते.

इंग्रजी म्हणजे एकच शब्द, आणि तो गावात आणला माझ्या दीनानाथमामांनी. बारा वर्षं ते नाटक कंपनीत होते. तिथं गाणं आवडलं की लोक ‘वन्समोर’ ओरडायचे आणि नटाला तेच पद पुन्हा म्हणावं लागायचं. शब्द इंग्रजी, पण गोरे साहेब म्हणे असं ओरडतच नाहीत. हे खूळ आपलंच. ज्याला वन्समोर, त्याचं नाव जाहिरातीत मोठ्या अक्षरात. मामांच्या वाट्याला मात्र भालदार-चोपदार. शेवटी जालन्याच्या मुक्कामात कंपनीनं त्यांना नारळ दिला आणि ते आमच्याकडं आले. “एकही वन्समोर न मिळालेला गवई” अशी स्वतःची ओळख करून देऊन ते हसायचे. मला ते हसणं बघवत नसे.

म्हणून शेवटचं मंगलाष्टक मामांनीच म्हणायचं, असा मी हट्ट धरला. आई घाबरली, कारण माझे होणारे सासरे रामराव म्हणजे जमदग्नी. त्यांनी आधीच बजावलं होतं, “मुहूर्त चुकला तर वऱ्हाड वापस. बिलकुल थांबणार न्हाई.” आणि ते खरंच घंगाळाशेजारी पाट मांडून बसले. घंगाळात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत होती. ती बुडाली की मुहूर्त.

अंतरपाट धरला. मामा माझ्या पाठीशी उभे होते. त्यांनी सूर लावला. भालदारानं बारा वर्षं दाबून ठेवलेला आवाज होता तो! रडती पोरं गप्प झाली, आचारी झारे घेऊन मांडवात आले. कडवं संपलं आणि बायकांतून शेजारच्या गोजरबाई किंचाळल्या, “वन्समोर!”

झालं! सगळा मांडव पेटला. “वन्समोर! वन्समोर!”

“अहो, वाटी बुडून राह्यली!” लग्न लावणारे भटजी जोशीबुवा कळवळले.

मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग ते हळूच म्हणाले, “नको बाबांनो. आमच्या विमलचं लग्न लागू द्या.”

मला इतका राग आला! बारा वर्षांनी मिळालेला वन्समोर माझ्यामुळं जावा? मी अंतरपाटाच्या कडेनं सासऱ्यांकडं डोळे वटारले. पाहते तर काय, रामरावांचा हात मनगटापर्यंत घंगाळात! वाटीखाली बोट लावून बसले होते.

“गा, दीनानाथराव,” ते म्हणाले. “घटका कुठं भरली अजून?”

“पण रामराव, मुहूर्त...” जोशीबुवा चाचरले.

“मुहूर्त म्या धरून ठेवलाय. तुमी गप बसा. आन् त्यायला जल्दी गा म्हणा, बोट दुखून राह्यलं.”

मामा गायले. रडत रडत गायले, पण सूर हलला नाही. रामरावांनी बोट काढलं, वाटी बुडाली, अक्षता उडाल्या, अंतरपाट सरकला.

पहिली नजर नवऱ्याला द्यायची असते. मी मान वळवून मामांकडंच बघत होते. भानावर आले आणि लाजून समोर पाहिलं. नवरा माझ्या डोक्यावरून मामांकडं बघत होता, आणि हार हातात तसाच धरून तो जोरात ओरडला, “वन्समोर!”