मागच्या दारची लाथ

मी पायाळू जन्मले, यात माझा काही दोष नाही. बाकीची मुलं डोकं पुढे करून येतात, मी पाय पुढे केले. आमच्या आंध्रातल्या पालकोल्लूत अशा पायाला मान असतो. कमरेत उसण भरली की माणूस पायाळूच्या दारात पालथा पडतो, एक लाथ खातो आणि उठून चालू लागतो. लहानपणी मी शाळेच्या मास्तरांना लाथ मारली आहे आणि वर त्यांच्याकडून गूळ घेतला आहे.

पुढे लग्न झालं ते नेमकं हाडांच्या डॉक्टरशी. मुलगी बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी पायाची कीर्ती मोठ्या अभिमानाने सांगितली. भास्करमूर्ती, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "हा अडाणीपणा आमच्या घरात चालणार नाही." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

आमच्या घराच्या पुढच्या बाजूला ह्यांचा दवाखाना आणि मागे स्वयंपाकघर. मागचं दार उघडलं की कालवा. बरीच वर्षं ह्यांनी इतरांसारखंच केलं: कंबर दुखली की एक्स-रे, सुई, पट्टा, आणि महिनाभर झोपून राहा. मग हे एकदा हैदराबादला डॉक्टरांच्या परिषदेला गेले. बाकीचे डॉक्टर बिर्याणी खाऊन, शाल पांघरून परतले. हे मार्गदर्शक सूचना घेऊन परतले आणि दुसऱ्याच दिवशी पेंटर बोलावून त्या भिंतीवर रंगवून घेतल्या. साध्या कंबरदुखीत झोपून राहू नका. चालते-फिरते राहा. पट्टा नको, सुई नको, उगाच एक्स-रे नको. बहुतेक दुखणी आपोआप बरी होतात. एक्स-रेची मशीन विकली आणि त्या जागी बाकडी आली.

गाव भडकलं. नारळाचा व्यापारी नूकराजू दवाखान्यातून निघाला तो कंबर धरून, घराला वळसा घालून माझ्या स्वयंपाकघराच्या दारात आला. मी चिंच कोळत होते.

"डॉक्टरम्मा, तुमचे यजमान म्हणतात काही झालेलं नाही. काही झालेलं नाही तर मी असा कोळंबीसारखा वाकडा का?"

"चालायला सांगितलं असेल."

"ते ऐकायला फी भरली मी? चालते तर आमची म्हैसही. तिला काय डॉक्टर लागतो?" मग त्याने आवाज खाली आणला. "अम्मा, तुम्ही पायांकडून जन्मलात ना?"

मी लाथ मारली. आता गंमत अशी, की माझ्या स्वयंपाकघराची खिडकी ह्यांच्या तपासायच्या खोलीत उघडते. दिवसभर तेच ते ऐकून मला सगळं पाठ झालं होतं. वाटलं, हा माणूस घसा सुकेपर्यंत सांगतो आणि कुणी ऐकत नाही, पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच. म्हणून मी नूकराजूला दटावलं, "नुसत्या लाथेने भागत नाही. पथ्य आहे. दिवसा आडवा झालास की लाथ उतरली. पट्टा बांधलास की उतरली. सुई टोचून घेतलीस तर उलटेल. आणि रोज सकाळ-संध्याकाळ कालव्याच्या काठाकाठाने देवळापर्यंत चालत जायचं."

ज्याने एवढ्या शिकलेल्या डॉक्टरचं ऐकलं नाही, त्याने हे देवाची आज्ञा असल्यासारखं पाळलं. थोड्याच दिवसांत ताठ होऊन आला, पुढच्या दाराने ह्यांना नमस्कार केला आणि मागच्या दाराने मला नारळ दिले. मग रांगच लागली. एकदा मात्र एकजण आला, त्याचा पाय बधिर पडलेला आणि लघवी अडलेली. पुढे दवाखान्यात ह्यांच्यासमोर लाजून बोलला नव्हता. ही खूणही मी खिडकीतूनच शिकले होते. "याला लाथ चालत नाही, आल्या पावली डॉक्टरांकडे जा आणि लाज सोडून सांग," म्हटलं. त्याच दिवशी राजमहेंद्रीला त्याचं ऑपरेशन झालं. आज तो सायकल चालवतो.

ह्यांचं नाव जिल्हाभर झालं. सूचना बाकीच्या डॉक्टरांनाही माहीत होत्याच, पण रोगी ऐकतात ते फक्त भास्करमूर्तींचं, अशी बोलवा झाली. भीमवरमच्या डॉक्टरांनी रविवारी भाषणाला बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ह्यांना काही विचारत होतं. आठवडाभर हे आरशासमोर बोलत होते, मला समोर बसवून ऐकवत होते. मला फार बरं वाटत होतं, आणि मागच्या दाराचं ह्यांना कळलं तर काय, अशी भीतीही.

शनिवारी सकाळी मी आवकायची, म्हणजे कैरीच्या लोणच्याची, मोठी बरणी हलवायला नूकराजूच्या माणसाची वाट बघत होते. हे आत आले.

"सरक. कमरेला घाबरायचं नसतं," असं म्हणून हे वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मी धरून धरून त्यांना धान्याच्या कणगीमागे जमिनीवर निजवलं.

"एक्स-रे काढायला हवा," हे म्हणाले.

"मशीन तुम्ही विकलीत."

"मग एमआरआय. राजमहेंद्रीला गाडी सांग. आधी तो जुना पट्टा शोध. आणि सुई आण."

"पाय बधिर आहे?"

"नाही."

"लघवी होते?"

"होते."

"मग साधी उसण आहे. आपोआप बरी होईल. उठा, चाला."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं रोगी ह्यांच्याकडे पाहतात. "ते रोग्यांसाठी असतं. माझी कंबर वेगळी आहे."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी तोंडावर म्हणणार होते, पण ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "भीमवरमला कळव, ताप आला म्हणून," हे म्हणाले. "कंबर धरून त्या व्यासपीठावर चढलो तर जन्मभर हसतील." नवा इस्त्रीचा शर्ट दाराला टांगलेला होता. त्याच्याकडे बघून मला भडभडून आलं.

तेवढ्यात मागचं दार ढकलून शिवणकाम करणारी मंगतायारू आली आणि उंबऱ्याशी सरळ पालथी पडली. कणगीमागचे डॉक्टर तिला दिसले नाहीत.

"मारा अम्मा. परवा डॉक्टरगारूंनी पुन्हा तेच पुराण लावलं. बोलतात गोड हो, पण नुसत्या बोलण्याने कंबर सुटते होय?"

मी हातवारे केले, पण तिने डोळे मिटून घेतलेले. शेवटी मारली.

"पथ्य सांगू नका, पाठ आहे," ती उठत म्हणाली. "दिवसा आडवं व्हायचं नाही, पट्टा नाही, सुई नाही, देवळापर्यंत चालायचं. गावात पोरंसुद्धा म्हणतात." पदर सावरताना तिची नजर कणगीमागे गेली. ती वरमली. "अय्यो, डॉक्टरगारू, तुम्हीही लाथेसाठी थांबलात होय? मग आधी नंबर तुमचा होता."

ती गेली. ह्यांनी छताकडे बघतच विचारलं,

"कधीपासून?"

"भिंत रंगवलीत तेव्हापासून."

"नूकराजू?"

"हो."

"सरपंच?"

"त्यांना दोनदा. पहिल्या खेपेला पथ्य मोडलं होतं त्यांनी."

"म्हणजे माझ्या सांगण्याने एकही माणूस बरा झाला नाही," हे इतक्या हळू म्हणाले, की मी जवळ जाऊन बसले.

"सगळे तुमच्याच सांगण्याने बरे झाले. लाथेत काय आहे, म्हैसही मारते. बरे झाले ते चालल्यामुळे, आणि चाला हे तुमचं. पण तुम्ही टेबलापलीकडून सांगता, हातसुद्धा न लावता. घाबरलेल्या माणसाला ते कसं पटावं? मी निदान पाय तरी लावते."

हे कण्हत, कुथत हळूहळू पालथे झाले.

"तुझा कुठला पाय? डावा की उजवा?"

"डावा."

"याला कसलाही पुरावा नाही."

"नाही."

"मार."

मी मारली. त्यात थोडं लग्नाच्या वेळचंही होतं. हे ओरडले, मला शिव्या दिल्या, उठले आणि काठाकाठाने देवळाकडे निघाले. दुपारी झोपू दिलं नाही. संध्याकाळी पुन्हा पाठवलं, तेव्हा नूकराजू सोबत होता आणि ह्यांना पथ्य समजावून सांगत होता.

रविवारी हे व्यासपीठावर उभे राहिले. कंबर दुखत होती, ते मला कळत होतं, पण उभे राहिले. शेवटी एका तरुण डॉक्टरने विचारलं, "सर, सूचना आम्हालाही माहीत आहेत. पण रोगी ऐकत नाहीत. तुमचेच कसे ऐकतात?"

ह्यांनी मी बसले होते तिकडे पाहिलं. चपलेत माझी बोटं आक्रसली.

"आधी रोग्याच्या पाठीला हात लावा, मग सांगा," हे म्हणाले. "आणि घरात असं कुणी असेल ज्याचं लोक ऐकतात, तर त्या माणसाला खिडकीशी बसू द्या."

कुणाला काही कळलं नाही, पण टाळ्या पडल्या. मला कळलं. मी पदराने डोळे पुसले, आणि शेजारच्या बाईंना सांगितलं की पंख्याची धूळ गेली.

सोमवारी पहिलाच रोगी मागच्या दारात आला तो पुढून तपासून घेऊन.

"डॉक्टरगारूंनी पाठ चांगली चाचपली, चालायला सांगितलं आणि म्हणाले, आता मागच्या दाराने जा." तो पालथा होता होता थांबला. "आणि अम्मा, तुमच्यासाठी निरोप आहे. पाय धुऊन घ्यायचा, कण्यावर मारायची नाही, थोडी खाली मारायची, आणि लाथ अगदी हळू असावी. म्हणाले, ह्या आजपासूनच्या सूचना आहेत."

खिडकीतून हे कान देऊन होते. मी मोठ्याने हो म्हटलं, पाय धुतला, आणि नेहमीसारखीच मारली.